बॅनरवरच्या वाघमारे मॅडम

आडनाव वाघमारे आणि उभा जन्म उंदरांत. आमच्या नांदेडच्या फार्मसी कॉलेजात हा विनोद पहिल्यांदा कुणी केला यावर तिघांचा दावा आहे, त्यांतला एक मी. मॅडमनी तो जितक्यांदा ऐकला तितक्यांदा खरंच वाघ मारला असता, तर किनवटच्या जंगलात आज फक्त ससे उरले असते. त्या हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. "झालं का?" एवढं विचारायच्या आणि पिंजऱ्यांकडं वळायच्या.

मूळच्या लातूरच्या. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. लातूरचं माणूस पाण्याच्या बाबतीत कसं असतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. मॅडम तांब्याभर पाण्यात हात धुवायच्या, चष्मा धुवायच्या, डबा विसळायच्या आणि उरलेलं पाणी कुंडीतल्या तुळशीला घालायच्या. आमची गोदावरी पूर येऊन घाटाच्या पायऱ्या गिळत असली, तरी मॅडमच्या नळाची धार सुतळीपेक्षा जाड झाली नाही.

त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात शेंगदाणे असायचे. ते माणसांसाठी नसत. एकदा मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "कुलकर्णी सर, तुमची नस तुटलीय का? नाही ना? मग मागं व्हा."

त्यांचं काम नसांचं होतं, म्हणजे मज्जातंतूंचं. आपल्या मांडीत असते तशी उंदराच्या मांडीतही एक मोठी नस असते. उंदराला भूल देऊन ती नस थोडा वेळ चिमट्यानं दाबायची. उंदीर शुद्धीवर येतो तेव्हा त्याचा तो पाय लुळा पडलेला असतो. मग ती नस हळूहळू पुन्हा वाढते आणि पायात बळ येऊ लागतं. ते बळ किती आलं, कधी आलं, औषधानं लवकर आलं का, हे मोजण्यात बाईंचं आयुष्य गेलं. मोजायची रीत ऐकायला पोरखेळासारखी आहे. समोर एक बारीक दांडी, दांडीमागं आकडे दाखवणारी डबी. उंदराला मागच्या पायांनी दांडी धरू द्यायची आणि शेपटीला धरून सावकाश मागं ओढायचं. तो दांडी सोडतो त्या क्षणाला डबीवरचा आकडा थांबतो. तेवढी त्याची ताकद.

पण मॅडम ते करताना पाहावं! उंदरांशी त्यांचं बोलणं अहो-जाहोचं. "या. बसा. घाबरू नका, आज नुसतं वजन आहे." मी पहिल्यांदा दाराबाहेरून हे ऐकलं तेव्हा वाटलं, आत संस्थेचे अध्यक्ष आलेत. मी घाईघाईनं शर्ट खोचला, केस सारखे केले आणि नमस्कार करतच आत शिरलो, तर टेबलावर एक पांढरा उंदीर मिशा साफ करत बसलेला. त्यानं माझा नमस्कार घेतला असं मी आजही शपथेवर सांगतो.

ज्या दिवशी नस दाबायची असेल त्या दिवशी मॅडम सकाळपासून गप्प असायच्या. भूल देण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर बोट ठेवून म्हणायच्या, "आमची गरज आहे हो. थोडं सोसा." त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत जायचा.

माझा आवाज, तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, मोठा आहे. मी गोळ्या बनवायचं शास्त्र शिकवतो, आणि माझ्या शिकवण्याच्या आवाजानं समोरच्या गोळ्यांचा भुगा होतो असं विद्यार्थी म्हणतात. प्राणीघरात मी पाऊल टाकलं की मॅडम बोट ओठांवर ठेवायच्या. "सर, हळू. तुम्ही नुसते कुजबुजलात तरी अर्धापूरची केळी झाडावर पिकतात."

तर अशा या बाईंकडं एक दिवस हदगावचे मन्मथअप्पा आले.

आले म्हणजे काय, अवतरले! पांढरी गाडी, गाडीच्या मागच्या काचेवर अप्पांचाच फोटो, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे आणि मागं बाटल्यांची पेटी उचलून चालणारे दोन भाचे. अप्पांचं हदगावात नसांवर चोळायच्या तेलाचं दुकान. मोटारसायकलवरून पडून हात लुळा पडलेले, पाय ओढत चालणारे, सगळे तिथं जायचे. तेलाला लसूण आणि कापराचा असा वास, की बाटली नांदेडात उघडली तर हदगावच्या माशा उठाव्यात.

"मॅडम," अप्पा खुर्चीवर मांडी घालून म्हणाले, "लोक म्हणून राहिलेत का अप्पाचं तेल नुसता वास हाय. तुमी काढा परीक्षा. उंदरावर काढा, हत्तीवर काढा. आन् निकाल लागंल तो चार लोकांत सांगा."

"निकाल उलटा लागला तर?" मॅडमनी विचारलं.

"मन्मथअप्पाचं तेल उलटं पडत न्हाई!"

"चार लोकांत सांगावं लागेल."

"चारशे लोकांत सांगा की!"

मॅडमनी काम घेतलं. उंदरांचे दोन गट केले. एका गटाच्या पायाला रोज अप्पांचं तेल चोळायचं, दुसऱ्याच्या पायाला साधं तिळाचं. म्हणजे चोळण्याचा परिणाम दोघांना सारखा. फरक पडला तर तो अप्पांच्या औषधाचाच. इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात आहे तसं. पण मॅडम पुस्तकाच्याही पुढं गेल्या. म्हणाल्या, "माझ्या हाताला अप्पांचं तेल लागलेलं असणार. त्या हातानं मी दुसऱ्या गटाला शिवले आणि थेंबभर जरी तिकडं गेलं, तर सगळं नासलं. कुलकर्णी सर, तिळाचं तेल तुम्ही चोळा."

"मॅडम, एवढं सोवळं?"

"सोवळं तुमच्याकडचं. आमच्याकडं याला स्वच्छता म्हणतात."

झालं. रोज सकाळी त्यांचे उंदीर त्यांच्याकडं, माझे माझ्याकडं. मॅडमच्या ओंजळीत उंदीर पाय पसरून पडायचे, डोळे मिटायचे. एक तर घोरायचा. माझ्याकडचे मात्र माझी चप्पल वाजली की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकावर एक चढून मनोरा करायचे. मी चोळायचो चांगलं, मनापासून चोळायचो. पण माझा हात तालमीतला. ताकद मोजायचं काम मात्र सगळ्यांचं मॅडमकडंच, कारण ओढणारा हात एकच हवा.

निकाल लागला. तिळाच्या तेलाचे उंदीर दांडी घट्ट धरून राहिले आणि अप्पांच्या तेलाचे पटकन सोडू लागले.

लातूरला एका सभागृहात व्याख्यान ठरलं. चार लोकांत सांगायचं ठरलं होतं, अप्पांनी सभागृह भरून माणसं आणली. आणताना हारही आणला, मॅडमना घालायला. पहिल्या रांगेत मॅडमचे बाबा बसले होते. भर उन्हाळ्यात कोट घालून, गुडघ्यावर हात ठेवून, जणू त्यांचाच सत्कार आहे. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी मला हळूच सांगितलं, "आमच्या गल्लीतून स्टेजवर बोलणारी ही पहिली. शिट्टी वाजवायला खूप जण होते म्हणा."

मॅडम बोलल्या. शांतपणे, आकडे दाखवत, एक शब्द जास्त नाही. शेवटी म्हणाल्या, "या तेलानं बळ लवकर येतं असं दिसलं नाही. उलट कमीच भरलं."

मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, उंदीर बी फसंना की!" सगळ्या सभागृहात हसू फुटलं. अप्पा उभे राहिले. हातात तो हार. तो ठेवायचा कुठं हे त्यांना कळेना. शेवटी हार तसाच धरून ते दाराकडं चालत गेले आणि लोक वाट देता देता हसत राहिले. बाबा टाळ्या वाजवत होते. त्यांच्या कोटाला घाम फुटला होता.

पुढं महिन्याभरात अप्पांचं नाव 'उंदीर अप्पा' पडलं. हदगावच्या स्टँडवर रिक्षावाले हाक मारायचे, "उंदीर अप्पा, कुठं सोडू?" दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. लग्नकार्यात अप्पा दिसेनात. आमच्या कॉलेजात मात्र वाघमारे मॅडमचं कौतुक चाललं होतं. एका गावठी दुकानदाराला शास्त्रानं उघडं पाडलं, याचा आम्हा सगळ्यांना असा अभिमान, जणू आम्हीच एकेक उंदीर ओढला होता.

आणि मग ते प्रात्यक्षिक झालं.

विद्यार्थ्यांना ताकद मोजायची रीत दाखवायची होती. उंदीर ठणठणीत, कुणाचीही नस दाबलेली नाही. मॅडमनी एकाला दांडीवर ठेवलं, "धरा बरं घट्ट," म्हणाल्या आणि ओढलं. उंदरानं क्षणभर धरल्यासारखं केलं आणि सोडून त्यांच्या ओंजळीत येऊन बसला. आकडा बेताचाच. त्यांचा घसा बसलेला होता, म्हणून पुढचं मला करायला सांगितलं. मी तोच उंदीर घेतला, ओढला. पठ्ठ्यानं दांडी अशी धरली की टेबल माझ्याबरोबर यायला लागलं! डबीवर आकडा चढतच गेला.

मागून एक पोरगी म्हणाली, "सर, त्यानं जीव मुठीत धरलाय."

वर्ग हसला. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या पुढं आल्या, तोच उंदीर पुन्हा स्वतः घेतला. लगेच सोडली त्यानं दांडी. पुन्हा माझ्याकडं दिला. पुन्हा टेबल हललं. मग दुसरा उंदीर. मग तिसरा. उंदीर तोच, पाय तोच, आणि ताकदी दोन. विद्यार्थी कंटाळून चुळबुळ करायला लागले तरी बाई थांबेनात.

वर्ग सुटल्यावर त्या खाली स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. म्हणजे कुणीतरी भर बाजारात अंगावरची ओढणी ओढावी तसा.

"सर, ज्याला माझी भीती वाटत नाही तो दांडी कशाला धरेल? पडला तर माझ्याच हातात पडणार, हे त्याला माहीत आहे. अप्पांच्या तेलाचे उंदीर रोज माझ्या हातात होते. तिळाच्या तेलाचे तुमच्या हातात. मी ताकद मोजलीच नाही. भीती मोजली."

मी म्हणालो, "मग चूक माझ्या हाताची."

"तुमचा हात आहे तसाच आहे. निवडला मी."

"मग तेल चालतं म्हणायचं?"

"कुठं म्हणतेय मी तसं? तेल चालतं का नाही, मला माहीत नाही. पण चालत नाही असं मी सभागृहभर सांगून बसले. त्या माणसाचं नाव घालवलं."

प्राचार्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, कोण विचारून राहिलंय? गप बसा." मॅडम म्हणाल्या, "मीच विचारून राहिले ना." सगळं पुन्हा करायची परवानगी मागितली, तर संस्थेनं तेलाचं नाव काढायचं नाही असं बजावलं. मला वाटलं बाई भांडतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "तसंही माझ्या चुकीपायी अजून कुणाची नस दाबायची, तर ती कोणत्या तोंडानं दाबू?"

त्या दिवसांत त्या मागच्या जिन्यानं यायच्या. स्टाफरूममध्ये बसणं सोडलं. डबा प्राणीघरात उभ्यानंच खायच्या. आणि उंदरांशी बोलणं बंद झालं. कामापुरतं उचलायचं, कामापुरतं ठेवायचं. प्राणीघरातली ती शांतता मला, म्हणजे ज्याला कुणी गप्प बसवू शकलं नाही त्याला, ऐकवत नव्हती.

मग एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "हदगावला येता का?" आम्ही एसटीनं गेलो. अप्पा अर्ध्या शटराआड बसले होते. एवढा गाडीभर माणूस, मूठभर झाला होता. मॅडमनी उभ्यानंच सगळं सांगितलं. दोन गट, दोन हात, उंदराची भीती. अप्पांना त्यातलं एकच कळलं.

"म्हंजे तुमची चूक झाली."

"हाव. माझीच."

"म्हंजे माझं तेल चालतं."

"तसं नाही, अप्पा. ते मला माहीत नाही."

अप्पांनी खिशातून मोबाईल काढला आणि भाच्याच्या हातात दिला. "धर रे. मॅडम, ह्याच्याकडं बघून बोला. मन्मथअप्पाचं तेल चालतं. एवढंच बोला. झालं गेलं मी इसरतो."

"नाही बोलता येणार."

"माझी इज्जत घेतली तुमी! लातुरात, भर सभेत! माझी सून माहेरहून यायला तयार न्हाई, ठावं हाय का? उंदीरवाल्याच्या घरात न्हाई जात म्हणती!" अप्पांचा आवाज चिरला. "माझी इज्जत परत करा."

"तेवढी परत करायलाच आले. लातूरला, त्याच सभागृहात उभी राहून सांगते की मी चुकले. पण घेतलं त्याहून जास्त मला देता यायचं नाही."

परत येताना बसमध्ये मी म्हणालो, "मॅडम, बोलून टाकायचं होतं. कुणाचं काय जाणार होतं?"

"एकदा माहीत नसताना नाही म्हणाले. आता माहीत नसताना हो म्हणू?"

लातूरला जायच्या आदल्या संध्याकाळी बाबांना सांगायचं होतं. त्यासाठीही मला नेलं. मला वाटतं, तिऱ्हाईत समोर असला की बाप रडणार नाही असा त्यांचा हिशेब असावा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"दुसऱ्या कुणाला सांगायला लाव," ते म्हणाले.

"सांगणारी मीच होते ना, बाबा."

"आपल्या माणसाची चूक लोक एकट्याची ठेवत न्हाईत, माय. मागच्या सगळ्यांवर लावतात. बघा म्हणतात, शिकून काय उजेड पाडला. मी आयुष्यभर हाफिसात एक बेरीज चुकू दिली न्हाई ती काय उगं?"

मॅडम खाली बघत होत्या. त्या वयाच्या, त्या शिक्षणाच्या बाईला शाळेतल्या मुलीसारखं उभं राहिलेलं पाहून मलाच लाज वाटायला लागली. कुणाची ते सांगता येत नव्हतं. मी घड्याळाकडं बघितलं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघितलं, चहाच्या रिकाम्या कपात बघितलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पहिल्या रांगेत अप्पा आणि त्यांचे दोन भाचे होते. बाकी माणसं तुरळक; चूक ऐकायला कोण येतं? मॅडमनी जशी पहिल्यांदा मांडणी केली होती तशीच केली, आकडे दाखवत, एक शब्द जास्त नाही. "मी चुकले. मन्मथअप्पांची मी माफी मागते. त्यांच्या तेलाबद्दल मी जे बोलले ते बोलायचा मला अधिकार नव्हता. तेल चालतं की नाही, हे मला माहीत नाही." हात जोडले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. मी मागं वळून पाहिलं. बाबा आले होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, नुसत्या शर्टावर. सभागृहातले दिवे लागायच्या आत ते निघून गेले.

भाच्यानं सगळं मोबाईलवर घेतलं होतं. आठवडाभरात हदगावच्या स्टँडसमोर बॅनर लागलं. एका बाजूला अप्पा, पुन्हा गाडीभर झालेले. मधे तेलाची बाटली, तिच्याभोवती उगवत्या सूर्याचे किरण. आणि दुसऱ्या बाजूला, अप्पांएवढ्याच आकाराच्या, हात जोडलेल्या वाघमारे मॅडम. खाली लाल अक्षरांत: 'शास्त्रज्ञांनी मागितली माफी!' 'मला माहीत नाही' हे मॅडमचं शेवटचं वाक्य अर्थातच गाळलेलं. दुकानासमोर पुन्हा रांग लागली.

मॅडमनी अप्पांना बॅनर उतरवायला सांगितलं. अप्पा म्हणाले, "खोटं काय लिवलंय त्यात?" आणि खोटं तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. त्यांनी तोवर नोकरी सोडली होती आणि लातूरला वडिलांकडं गेल्या होत्या. मी हिमायतनगरला एका लग्नाला निघालो होतो, एसटी हदगावला थांबली. ऊन असं की मला वाटलं, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर तो वितळून खाली पडेल. खिडकीतून बॅनर दिसलं आणि बॅनरखाली मॅडम दिसल्या. चहावाल्यानं मला सांगितलं, "ह्या बाई दर रविवारी येऊन राहिल्यात, लातूरहून. अप्पानं आधी लई शिव्या दिल्या. आता सोताच खुर्ची धाडतो. बाई उभ्या राहिल्या की गिऱ्हाईक वाढतंय म्हणतो."

खुर्ची रिकामी होती. मॅडम उभ्या होत्या. एक माणूस, डावा हात गळ्यात बांधलेला, बायकोबरोबर दुकानाकडं निघाला होता. तो थांबला. वर बघितलं, खाली बघितलं.

"ह्या तुमीच का?"

"हाव. मीच."

"मग लावू का तेल?"

"मला माहीत नाही."

"आता! मग हितं कशाला उभ्या?"

"माहीत नाही, हे सांगायला. तेल लावायचं तर लावा, पण आधी नांदेडला मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरांना हात दाखवा. उशीर करू नका."

माणूस बायकोकडं बघून हसला. "बाईला ऊन लागलं," म्हणाला आणि दुकानात शिरला. बायको मात्र क्षणभर मागं राहिली. तिनं काहीतरी विचारलं, मॅडमनी बोटानं नांदेडचा रस्ता दाखवला.

मी हाक मारणार होतो. माझा आवाज पार पुढच्या तामसा गावापर्यंत गेला असता. पण हाक निघाली नाही. त्या उन्हात स्टँडवरची एकूण एक बाई डोळ्यांपर्यंत रुमाल गुंडाळून उभी होती. मॅडमचा रुमाल मात्र घडी करून हातात होता. तोंड उघडं, घामानं भिजलेलं, उन्हानं काळवंडलेलं. वरच्या फोटोशी लोकांना ताडून बघता यावं म्हणून.